पायाळू

आमच्या घराच्या पत्र्यावर दगड होते. वाऱ्याने पत्रा उडू नये म्हणून गावात सगळेच ठेवतात. एका सकाळी मी शेण काढायला वाकले होते, जमीन हादरली, आणि त्यातला एक धोंडा माझ्या कमरेवर आला. तरी मी उठले. भिंत धरून ओसरीपर्यंत चालत गेले. हे मुद्दाम सांगते, कारण माझे पाय भूकंपाने नेले असंच आता सगळे म्हणतात.

"उसण भरली असंल," सासूबाई म्हणाल्या. उसण भरली की आमच्याकडे दवाखाना आठवत नाही, पायाळू माणूस आठवतं. जन्मताना ज्याचे पाय आधी आले, त्याने पाठीवर पाय फिरवला की दुखणं पळतं म्हणे. माझ्या मोठ्या जाऊबाई, अक्का, पायाळू. गावभर त्यांना मान. मला पालथं झोपवलं, अक्कांनी कमरेवर टाच ठेवली आणि भार दिला. आत काहीतरी कटकन वाजलं. त्यानंतर पाय माझे राहिले नाहीत.

परभणीला डॉक्टर नवऱ्याला म्हणाले, मणका मोडला होता, पण तोवर नस शाबूत असणार. पाठीवर दाब द्यायलाच नको होता. मी स्ट्रेचरवर पडून ऐकलं. नवऱ्याने घरी कुणाला सांगितलं नाही आणि मीही. घरी आल्यापासून माझं हागणंमुतणं, अंघोळ, वेणीफणी सगळं अक्काच करत होत्या. त्यांना कळलं तर जिवाचं बरंवाईट करतील, असं वाटायचं. लुळी मी, आणि जपायचं त्यांना! सणाला आलेल्या बायका म्हणायच्या, अशी जाऊ मिळायला नशीब लागतं. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

यंदा परत धक्का बसला. शेजारची सून घाबरून पळताना पायऱ्यांवरून पडली. तिची सासू आमच्या दारात आली. "अक्का, चला की. सुनंला उसण भरलीय, लय कण्हायलीय."

अक्का हात पुसत उठल्या. मग माझ्याने राहवेना. मी खाटेवरून ओरडले, "तिला पाय लावू नका! फळीवर घाला अन् जिंतूरला न्या. माझे पाय भूकंपानं नाही, अक्का, तुमच्या टाचेनं गेलेत!"

शेजारीण पळतच घरी गेली. सुनेला फळीवर घालून जीपने नेलं. मणक्याला चीर निघाली. आता पट्टा बांधून हिंडते. बरं वाटलं, आणि हेवाही वाटला. खोटं कशाला बोलू?

त्या दिवशी माझं ऐकून अक्का जिथल्या तिथे खाली बसल्या होत्या. ऊर बडवून घेतील असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "मला ठावं हाय. डाक्टर सांगत व्हते तवा मी दाराशीच व्हते."

"अन् तरी निघाला होतात?"

"न्हाई म्हणले असते तर लोकांनी का म्हून इचारलं असतं."

संध्याकाळी त्या माझी कूस बदलायला आल्या. मी म्हटलं, हात लावू नका, दुसऱ्या कुणाला पाठवा. त्या खाटेशीच उभ्या राहिल्या. हे करणारं घरात दुसरं कुणी नव्हतं. पाठीला रग लागली होती. शेवटी मीच हात पुढे केला.