भिंतीपलीकडचा वायू

शहादा तालुक्यातलं ते घर अजून माझ्या मनातून गेलेलं नाही. मी तिथल्या ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी चालू असताना निनावी फोन आला: सुनेने जेवणात विष घातलं, सासू मेली, सासरा अत्यवस्थ आहे.

आम्ही पोचलो तेव्हा सून अंगणात बसली होती आणि गर्दीने तिला दोषी ठरवूनही टाकलं होतं. आदल्या संध्याकाळचं सासू-सुनेचं भांडण साऱ्या गल्लीने ऐकलं होतं. नवरा सुरतेला कामाला. रागाने ती एकटीच बाहेर ओट्यावर झोपली आणि वाचली. लोकांना तोच पुरावा वाटत होता. ती एवढंच म्हणाली, "तेच जेवण मी बी खादं, साहेब."

सासऱ्याला दवाखान्यात पाठवलं, अकस्मात मृत्यूची नोंद घेतली, पंचनामा सुरू केला. खोलीच्या कोपऱ्यात टोपलीखाली झाकलेली कोंबडी पिलांसकट मेली होती. तिला कोणी भाजी-भाकर वाढली नव्हती. हवेत लसणासारखा उग्र वास होता. वर पाहिलं, तर हे घर आणि शेजारचं गोदाम एकाच पत्र्याखाली, आणि मधली भिंत पत्र्यापर्यंत पोचलेलीच नव्हती. मी सगळ्यांना बाहेर काढलं.

गोदाम एका धान्य व्यापाऱ्याचं होतं. सकाळचा फोनही त्याच्याच नंबरवरून आलेला निघाला. विचारलं तर म्हणाला, गोदाम रिकामं आहे, किल्ली हरवली आहे. मी वाद घातला नाही. हवालदाराला कुलूप तोडायला सांगितलं आणि व्यापाऱ्याला म्हटलं, चला, आपण दोघं आत जाऊ. त्याचा चेहरा उतरला.

"साहेब, मझार जाऊ नका," तो मला आत जाण्यापासून अडवत म्हणाला.

मग त्याने कबूल केलं. मक्याला कीड लागू नये म्हणून त्याने पोत्यांत गोळ्या ठेवल्या होत्या. त्यांतून फॉस्फिन वायू सुटतो. हवाबंद गोदामात, जाणकारांच्या हातून वापरला तर तो धान्य राखतो. इथे तो भिंतीवरून शेजारच्या घरात उतरला. पुढे व्हिसेराच्या अहवालातही तेच आलं. व्यापाऱ्यावर गुन्हा दाखल झाला.

खबर देणारा काय सांगतो याबरोबर तो ते का सांगतो, हेही तपासायचं असतं, हे तेव्हापासून माझ्या अंगवळणी पडलं. पण एक गोष्ट तपासाबाहेरची होती. सासूच्या उत्तरकार्याला मी गेलो, तेव्हा सुनेच्या हातचं पाणीही कोणी घेत नव्हतं. दवाखान्यातून आलेला सासरा भिंतीला टेकून बसला होता. त्याने सगळ्यांदेखत तिला हाक मारली आणि भाकर मागितली. ती वाढून ताटाशी उभी राहिली. तो सावकाश, शेवटच्या घासापर्यंत जेवला.