पलंगावरून दिसणारी चिमणी

"बाबाले जरा खुर्चीत बसवा. मले निजू द्या."

आमच्या घरात पाऊल ठेवल्यावर बाईंचं पहिलं वाक्य हे होतं. वडिलांना चाकाच्या खुर्चीत बसवलं गेलं. बाईंनी चपला काढल्या, पर्स पोटावर ठेवली आणि वडिलांच्या पलंगावर, त्यांच्याच उशीवर डोकं टेकून त्या आडव्या झाल्या. बातमीदारीच्या नोकरीत मी पुष्कळ तपासणी अधिकारी पाहिले होते. उभ्याउभ्या सही करणारे पाहिले, जेवून जाणारे पाहिले. येऊन निजणारा पहिल्यांदाच पाहत होतो.

त्या एका होम केअर एजन्सीच्या सुपरवायझर होत्या. घरात कुणी अंथरुणाला खिळलं की एजन्सी केअरटेकर पाठवते, आणि ती केअरटेकर काम कसं करते हे पाहायला बाई येत. त्याआधी बरीच वर्षं त्या अहेरीकडे नर्स होत्या. आता चंद्रपूरपासून अहेरीपर्यंतची घरं त्यांच्याकडे होती आणि त्या एसटीनं फिरत. केअरटेकर मुली त्यांना आपसात 'चेकिंगवाली' म्हणत. बाई गोंडपिपरीच्या स्टँडवर चहा पिताना दिसल्या की पुढच्या गावांत फोन जात आणि घराघरात चादरी बदलल्या जात. बाईंना हे ठाऊक होतं. "म्हणून तर मी चहा पितो तिथी," त्या म्हणत. "चादर बदलली पाह्यजे, मंग ती माझ्या भेवानं का होईना."

एजन्सीचे नियम त्या काटेकोर पाळत. नखं, कान, जिभेवरचा थर, औषधांच्या वेळा, सगळं पाहत. टाचेवर अंगठा दाबून रंग परत येतो की नाही ते बघत. पण सुरुवात निजण्यानंच. घरचे लोक गोंधळत. एका सासूबाईंनी त्यांना तोंडावर विचारलं होतं, "तपासाले आल्या का झोपाले आल्या जी?"

"तुमचा म्हातारा दिवसभर काय पाह्यते, ते पाहून राह्यली," बाई म्हणाल्या. "तुमच्या पंख्यावर किती जाळे आहेत, ते त्याले माहीत आहे. तुमाले नाई."

एकदा तर एका घरी त्यांना खरोखरच झोप लागली. घरच्यांनी अंगावर चादर टाकली आणि स्वयंपाकघरात कुजबुजत बसले. जाग आल्यावर बाई जराही ओशाळल्या नाहीत. "झोप लागली म्हणजे अंथरूण पास," म्हणाल्या आणि औषधांकडे वळल्या.

आता आमच्या घरची गोष्ट. वडील चंद्रपूरजवळच्या ऊर्जानगरच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले. लकव्यानं उजवी बाजू आणि वाचा गेली होती. तुम्ही असं माणूस जवळून पाहिलं असेल तर ठाऊक असेल, त्याच्या हाती एकच सत्ता उरते, तोंड उघडायचं की नाही. वडिलांनी ती वापरली. घास पुढे केला की ओठ मिटून घेत. सिंधू नावाची केअरटेकर आमच्याकडे आली आणि काही दिवसांत ते जेवायला लागले. तिनं एवढंच केलं होतं की पलंग ओढून खिडकीच्या भिंतीला लावला होता.

नियमात ते बसत नव्हतं. पलंग दोन्ही बाजूंनी मोकळा हवा, हा एजन्सीचा पहिला नियम. सिंधूवर आधीच्या घरी एक शेरा पडलेला होता. दुसरा पडला की केअरटेकरचं घर बदलतात. आणि वडील खात होते ते फक्त तिच्या हातून.

बाई पलंगावर निजल्या तेव्हा सिंधू पदराचं टोक बोटाला गुंडाळत भिंतीशी उभी होती. बाईंनी भिंत आणि गादी यांच्यामध्ये हात घालून पाहिला. हात गेला नाही.

"हे काऊन असं?"

"इथून चिमणी दिसते, बाई."

बाईंनी मान वळवली. खिडकीच्या कोपऱ्यात वीज केंद्राची चिमणी होती आणि तिचा धूर वाऱ्यानं एका अंगाला कलला होता.

"बाबा तिकडे पाह्यतात तवाच आ करतात," सिंधू म्हणाली. "एक दिवस धूर नोयता, तर पाणी बी घेतलं नाई."

"चिमणी बाबाची, मान्य. भिंतीकडची कूस कोणाची?" बाईंचा आवाज चढला नव्हता. "एक आजी अशीच भिंतीले लावली होती. इकडची बाजू एकदम साफ. तिकडची पाहून मी घरी जाऊन जेवली नाई. हात जिथी पोचत नाई ना, सिंधू, तिथीच माणूस सडते."

"मी पलटवतो त्यायले. रोज."

"तू पलटवशीन. तू सुट्टीवर गेली का मंग?"

सिंधूनं बोटाचा पदर सोडला. ती म्हणाली, "लिहा मंग शेरा. पण माझ्या जागी जे येईन, तिले चिमणीचं सांगजा."

बाई छताकडे पाहत पडून राहिल्या. खुर्चीतून वडील त्यांच्याकडे पाहत होते. मग बाई निजल्यानिजल्याच मला म्हणाल्या, "भाऊ, पायाकडून धरा. सिंधू, तू डोक्याकडून. ओढा मधात."

"तुम्ही उतरा ना आधी," मी म्हणालो.

"मी उतरली तं दिसन कोणाले?"

आम्ही ओढू लागलो. लोखंडी पलंग फरशीवर किंचाळला. वर बाई दोन्ही हातांनी पर्स धरून सूचना देत होत्या. "गेली. गेली चिमणी. मांगं घ्या. आता अर्धीच दिसते. डोकं दाराकडे फिरवा. अजून. भाऊ, भात खाल्ला का नाई सकाळी? हां... आली! थांबा!"

पलंग खोलीच्या मधोमध तिरपा उभा होता. तेवढ्यात मागून घशातला एक आवाज आला. ठसका लागला असं वाटून सिंधू पाण्याचा पेला घेऊन धावली. वडिलांचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं आणि खांदे हलत होते. ते हसत होते. लकव्यानंतर आम्ही त्यांचा आवाज पहिल्यांदा ऐकला तो हा.

बाई उतरल्या. पलंगाच्या दोन्ही बाजूंनी अंग चोरत एकदा फिरून आल्या. "पास," त्या म्हणाल्या. "आता तुमचे गुडघे फुटतीन, ते मी काई लिहीत नाई."

गुडघे फुटले. कपाटाचं दार अर्धंच उघडायचं. येणारा प्रत्येक पाहुणा विचारायचा, पलंग असा का? वडील त्या तिरप्या पलंगावरच राहिले, सिंधूच्या हातून जेवले आणि एका सकाळी तिथेच गेले. खिडकी उघडी होती.

अलीकडे एजन्सीची तपासणी मोबाइलवर होते. केअरटेकर दारात उभी राहून पलंगाचा फोटो पाठवते. बाईंचं काम सुटलं आणि त्या अहेरीला लेकीकडे गेल्या, एवढं कानावर होतं. मागच्या थंडीत कामानिमित्त मी अहेरीला गेलो तेव्हा घर शोधलं. बाई नव्हत्या. खुब्याचं हाड मोडलं, काही महिने अंथरुणावर काढले आणि गेल्या, असं लेकीनं सांगितलं.

पुढच्या खोलीत त्यांची खाट तशीच होती. मधोमध, तिरपी.

"रोज ठेचा लागतात," लेक म्हणाली. "पण हलवाले मन होत नाई, भाऊ."

मी विचारलं, जरा निजून पाहू का? तिनं चकित न होता उशी सारखी केली.

मी आडवा झालो. खिडकी दिसत नव्हती, टीव्हीही दिसत नव्हता. समोर उघडं दार होतं, दारापलीकडे गल्ली, आणि गल्लीपलीकडच्या ओट्यावर एक लकव्याचा म्हातारा खाटेवर पडलेला होता.

"आई दिवसभर त्यायलेच पाहे," लेक उंबऱ्यातून म्हणाली. "मी सैपाक करून राह्यली असन तरी हाक मारे. 'जाय व, त्याचे पाय उघडे पडले.'"

मी पाहिलं. म्हाताऱ्याची चादर पायांवरून सरकली होती. सांगायला मी वळलो, तर लेक उंबऱ्यात नव्हती. ती अनवाणीच गल्ली ओलांडत होती.