किहाचीचा वाकडा अंगठा

जपानमधल्या शिनानोच्या डोंगरातल्या एका गावात किहाची कुंभारानं साठ वर्षं माती तुडवली. भूगोल-इतिहास शिकवणारे तोकिवा मास्तर त्याचे लंगोटीयार. "पोरांना दाखवायला आदिमानवाच्या धाटणीचं मडकं घडव रे," असं मास्तर म्हणाले, तेव्हा त्यानं ते फुकट घडवून दिलं. वर साकेची बाटलीही त्यानंच पाजली.

आज गावात संग्रहालय उघडलं, तर काचेच्या कपाटात तेच मडकं! मास्तर पाहुण्यांना सांगत होते, "पाच हजार वर्षांपूर्वीचं आहे. वरच्या खिंडीत मी स्वतः उकरून काढलं."

लहानपणी मोडून वाकडा झालेला अंगठा किहाचीनं काचेला टेकवला. मडक्याच्या काठावर ओळीनं तेच वाकडे ठसे होते.

सगळ्यांदेखत तो ओरडला, "म्हणजे पाच हजार वर्षं गंडवतोयस होय रे मला?"