खिडकीखालचा तुकडा

आमच्या आत्याला उघडी जमीन बघवत नसे. लाँड्रीत इस्त्री करण्यात तिचा जन्म गेला आणि त्या कामानं तिच्या डोळ्यांना एक खोड लावून ठेवली: समोर जे पसरलंय ते सपाट आणि एकसारखं दिसलं पाहिजे. चादरीला सुरकुती पडली तर झोपलेल्या माणसाला उठवून ती चादर ताणायची. मी तिच्याकडे राहायला आले तेव्हा मला वाटलं, ही बाई एक दिवस माझ्यावरही पाणी शिंपडून इस्त्री फिरवणार.

दुसरी तिची गोष्ट म्हणजे आवाज. यंत्रांच्या घरघरीवर आवाज चढवून बोलायची सवय, त्यामुळे जेवताना ती ‘मीठ दे’ म्हणाली की वरच्या मजल्यावरचे मीठ घेऊन खाली येतील अशी मला धास्ती वाटायची. मनात काही नसायचं बिचारीच्या, पण ऐकणाऱ्याला ते कसं कळणार?

इमारतीच्या मागे लांबट अंगण होतं. एका बाजूला आमची इमारत, समोर उंच भिंत, मध्ये एक दाट जुनं झाड. ऊन तिथे डोकावून जायचं, टेकायचं नाही. लोकांनी हौसेनं हिरवळ लावून पाहिली, ती दरवेळी पिवळी पडून मेली. उरायची ती नुसती माती आणि झाडाची मुळं. आत्या कामावरून निवृत्त झाली आणि घरातल्या चादरी ताणून संपल्यावर तिची नजर त्या मातीवर गेली.

लाँड्रीतल्या एका मैत्रिणीनं तिला ओल्या फडक्यात गुंडाळून एका वेलीच्या काड्या दिल्या. वर न चढता जमिनीवरच सरपटणारी वेल. पानं गडद, कांजी केल्यासारखी कडक आणि चकचकीत, बारा महिने हिरवी. सावलीतही तिला लहान लहान निळी फुलं येतात. थंडी असो, कोरडी हवा असो, तक्रार नाही. काडी जिथे मातीला टेकेल तिथे मुळं धरते आणि पुढे चालू लागते. आत्याला असं रोप मिळणं म्हणजे काय, ते मी तिच्या तोंडावर पाहिलं. तिनं माती भुसभुशीत केली, कुजलेला पाला मिसळला आणि हातभर अंतरानं काड्या लावत सुटली.

तळमजल्यावर टेलरमास्तर एकटे राहायचे. त्यांच्या शिवणाच्या खोलीची खिडकी अंगणात उघडायची. आत्या तिथवर पोचली तेव्हा ते गळ्यात टेप घालून बाहेर आले.

“ताई, खिडकीखालचं तेवढं राहू द्या.”

“राहू द्या म्हणजे? काय राहू द्या? माती?”

“हो. म्हणजे... माती.”

“अहो मास्तर, मातीची कसली हौस! बघा तर खरं, उद्या खिडकी उघडाल तर सगळं निळं निळं. माझं नाव काढाल!”

मास्तर तसेच आत गेले. स्वभावच तसा. गिऱ्हाईकानं स्वतःचं माप चुकीचं सांगितलं तरी ते त्याला चूक म्हणत नसत, गुपचूप शिवणीत कापड जास्त सोडून ठेवत. मला आजही त्यांचा राग येतो. अहो, एक वाक्य बोलायचं होतं! पण खरं सांगायचं तर, ते एक वाक्य ऐकायला आत्या थांबलीच नव्हती. तोवर तिनं खिडकीखाली काड्या खोचल्यासुद्धा.

पहिलं वर्ष ती पाटावर बसून तण उपटत होती, वेलीचा नसेल तो प्रत्येक कोंब तणच समजून. मग वेलीनं वेलीला गाठलं आणि जमीन मिटली. तणाला उगवायला जागाच उरली नाही. फुलं आली तेव्हा सगळी इमारत मागच्या खिडक्यांत उभी राहिली. आत्याचे पाय जमिनीवर नव्हते. शेजारच्या इमारतीतल्या मंडळींना तिनं बघायला बोलावलं आणि मला चहाचा ट्रे धरून पाठीमागे फिरवलं.

मंडळी झाडाला वळसा घालून आली, तर खिडकीखाली मास्तर गुडघ्यांवर बसले होते. वेल दोन्ही हातांनी फाकवून कात्रीनं कापत होते.

“मास्तर!” आत्या ओरडली. “वय काय, करता काय! दुसऱ्यानं राबून लावलेलं कापता? लाज नाही वाटत?”

मास्तरांनी वर बघितलं. “माफ करा, ताई,” म्हणाले, उठले आणि गुडघ्याची माती न झटकता आत गेले. कात्री तिथेच राहिली. कापडाची कात्री होती ती. कुणी कागद कापायला मागितली तरी मास्तर ती देत नसत.

आत्या पुटपुटत वाकली, विस्कटलेली वेल सारखी करायला. आणि हात तसाच राहिला. वेलीखाली फिकट कोंब होते, उजेडाविना पांढरे पडलेले, वर यायला वाट न सापडून वाकलेले. काहींच्या टोकाला कळ्या होत्या. त्या तिथेच सडल्या होत्या.

“त्याच्या बायकोची फुलं गं ती,” वरच्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या. “आजारी होती तेव्हा खाटेवरून दिसावीत म्हणून कंद लावले होते तिनं. ती गेली, पण फुलं येतात दरवर्षी. चार दिवस येतात, मग पानंसुद्धा मरतात. बाकीचं वर्ष वर नुसती माती.”

“मग मला कुणी सांगितलं का नाही?”

आजींनी तिच्याकडे बघितलं. “तुला?”

एवढंच म्हणाल्या. जमिनीनं पोटात घ्यावं असं मलाच झालं, तर आत्याचं काय झालं असेल! आयुष्यभर ती कुणाच्या दोन पैशांना मिंधी नव्हती, मान वर करून जगलेली बाई. ती तिथेच मातीत बसली. मंडळी चहा अर्धा टाकून निघून गेली.

कात्री आमच्या टेबलावर आली. आत्या तिला वळसा घालून जेवायची. कधी दारापर्यंत जायची, चप्पल घालायची, काढायची. मग एका सकाळी ती खिडकीखाली जाऊन बसली आणि वेल उपटू लागली. जे गुण तिनं गावभर सांगितले होते तेच आता आडवे आले. एक काडी ओढावी तर तिची गाठ न् गाठ मुळं धरून बसलेली. मुळांबरोबर कंदही वर यायचे. घट्ट असतील ते ती परत पुरायची. मऊ पडलेले बाजूला ठेवायची, आणि ती रास वाढत गेली.

तो तुकडा मोकळा झाल्यावर ती कात्री घेऊन मास्तरांच्या दारी गेली. मी मागे होते.

“मास्तर, कात्री.”

“ठेवा तिथे.”

“मी... ते कंद...”

“असू द्या, ताई. चालायचंच.”

आणि त्यांनी मशीनला पाय लावला. घरी येऊन आत्या म्हणाली, “दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं गं. आता हे घेऊन मी कुठे जाऊ?”

पुढच्या वर्षी तिथे नुसती पानं आली. बारीक, अशक्त. फूल एकही नाही. पानं वाळली आणि खिडकीखाली ती बोडकी माती दिसू लागली. नवीन भाडेकरू म्हणायचे, “ताई, एवढ्या छान बागेत इथे टक्कल का?” आत्या दुसरीकडे बघायची. मला तिची कीव यायची आणि चीडही. ओरडताना सगळी दुनिया साक्षीला, आणि आता तोंडाला कुलूप! एकदा मी तसं बोलून दाखवलं. त्या रात्री ती जेवली नाही.

वेल पुन्हा फुलली तेव्हा शेजारच्या मंडळींना तिनं परत बोलावलं. तीच माणसं, आवर्जून. मी ट्रे घेऊन निळ्या फुलांकडे वळले तर ती म्हणाली, “तिकडे नंतर. आधी इथे या.” आणि त्या बोडक्या तुकड्यापाशी उभी राहून, लाँड्रीतल्या त्याच आवाजात, तिनं सगळं सांगितलं. मास्तरांनी विनवलं होतं ते. तिनं ऐकलं नाही ते. कुणाची फुलं होती, कुणी मारली, आणि वर याच जागी कुणाची लाज काढली. तिचा चेहरा लालबुंद झाला होता. मंडळी कपात बघत होती. आतलं मशीन थांबलं होतं.

खिडकी उघडली.

“ताई,” मास्तर म्हणाले, “जरा हळू बोला. कंद झोपलेत.”

मंडळींत कुणीतरी हसलं. आत्या हसली नाही. तिनं खाली मातीकडे बघितलं, मग तोंडावर हात ठेवला, लहान मुलीसारखा. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी तिला कुजबुजताना ऐकलं.

“चुकलं माझं, मास्तर.”

मास्तरांनी मान हलवली. खिडकी त्यांनी उघडीच ठेवली, आणि आत मशीन पुन्हा सुरू झालं.