फाट्यावरची तापलेली टाकी

कडेगाव फाट्यावर एक म्हातारबा पंक्चर काढायचे. इंजिनिअरिंगच्या पेपरात नापास होऊन मी सांगलीहून घरी चाललो होतो, आणि गाडीचं चाक नेमकं तिथंच बसलं. त्यांची हवेची टाकी उन्हात तापून वरच्या व्हॉल्व्हमधून फुसफुसत होती. पेपरात माझं चुकलेलं गणित अगदी हेच होतं, तापत्या टाकीतून सुटणाऱ्या हवेचं!

“एवढी तापून फुटत कशी नाही?” मी विचारलं.

त्यांनी माझा डावा हात ओढून तळवा त्या हवेसमोर धरला. “ऊन जेवढं आत घालतंय, तेवढं ही सुटलेली हवा भायेर नेती. आतली हवा कमी झाली, पर जोर तेवढाच हाय बघ.”

आता तिथं चौपदरी रस्ता आहे. ते गणित मीच शिकवतो. समीकरण लिहिताना डावा तळवा आपोआप पुढं होतो, आणि वर्ग एकदम गप्प बसतो. पोरांना वाटतं, सर चिडले.