तोतारामचा उजवा हात

तोताराम एस.टी.चा ड्रायव्हर. रूट धुळे–चाळीसगाव. दुपारी जाताना मावळतीचं ऊन उजवीकडून, आणि मुक्काम करून सकाळी परतताना उगवतीचं ऊनही उजवीकडूनच. अठरा वर्षांत डावा हात गव्हाळ राहिला, उजव्याचा तवा झाला. डेपोत त्याला ‘दुरंगी’ म्हणत.

१९९१ च्या मार्चात त्याने धुळ्यात मांगीलाल शेठकडून उन्हाचं मलम घेतलं. डबीवर पंधराचा आकडा, दुकानावर पाटी: ‘लावा, भाजणार नाही, काळे होणार नाही.’ झळा नकोत म्हणून तो खिडकीची काचही बंद ठेवी. दोन महिने रोज लावलं, हात आणखी काळा. तक्रार केली तर शेठ गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, “तू लावतच नसशील. ड्रायव्हर लोक थापाडेच.”

दुरंगी चाललं, थापाड्या चालेना. तोताराम माझ्याकडे आला. मी सातवी पास, पण ग्राहकांच्या तक्रारी लढवताना भल्याभल्या वकिलांना घाम फोडलाय. म्हटलं, “भांडू नको. सुट्टीच्या दिवशी त्याच्या काउंटरवर दोन्ही हात ठेवून बस. गप्प.”

दुपारपर्यंत एक डबी खपली नाही.

“तुला पाहिजे तरी काय?” शेठ कावला.

“मना हात खोटं बोलस ना शेठ? मंग तुमना हातले इचारूत.”

गिऱ्हाइकांसमोर शेठला हो म्हणावंच लागलं. त्याची सासुरवाडी चाळीसगावची, रात्रीच्या मुक्कामाची सोय होती. आठ दिवस तो तोतारामच्या मागे, उजव्या खिडकीशी बसला. काच बंद, बाही खांद्यापर्यंत वर. गोऱ्या दंडावर तीन चौकोन: एकावर जाड कापडी चिकटपट्टी, एकावर शेठने स्वतः थापलेलं मलम, एक उघडा. साक्षीला कंडक्टर पितांबर. तिकिटं फाडता फाडता विचारायचा, “शेठ, घाम आला. पुन्हा लावता ना?” सासुरवाडीतही जावईबापू रोज का येतात, याची कुजबुज सुरू झाली.

नवव्या दिवशी दुकानात पट्टी काढली. खाली दंड गोरा. मलमाचा चौकोन आणि उघडा चौकोन सारखेच सावळे.

“पण भाजलं कुठे?” शेठ म्हणाला.

“ते काचेनं अडवलं,” मी म्हटलं. “तुमचा पंधरा भाजणाऱ्या किरणांचा. काळं करणारे किरण काचेतून आत येतात, त्यांचा आकडा डबीवर नाहीच.”

शेठ दंड चोळत राहिला. तोताराम जागचा हलेना.

“लावत होता,” शेठ पुटपुटला.

“मागच्या सीटला ऐकू नाही आलं,” पितांबर म्हणाला.

“तोताराम रोज लावत होता.”

पाटीवर आता फक्त ‘भाजणार नाही’ उरलंय. तोताराम जाड कापडाची बाही चढवून गाडी चालवतो. तसल्या बाह्या हल्ली मांगीलालही विकतो, आणि गिऱ्हाइकाला सांगतो, “आमची तपासलेली आहे.”