‘बरं हाय’ म्हणणारी बोटं

आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिलीच. त्यामुळे शिकलेलं काही वाया जाऊ द्यायचं नाही, असा माझा हट्ट असतो. साताऱ्याच्या एमआयडीसीत, गिअर बनवणाऱ्या कारखान्यात मी नोकरी करते. काम कुठं अडतं ते शोधायचं, एक छोटा बदल करून बघायचा, जमला तर ठेवायचा, हे माझं काम.

आई कडेगावजवळ आमच्या गावी असते. तिला आमवात आहे. सकाळी बोटं लाकडासारखी ताठ, आणि दुपारी सांगलीच्या दवाखान्यात पोचेपर्यंत बरीच सैल. डॉक्टरीणबाईंनी मला बजावलं होतं, "सूज वेळेत उतरली नाही तर बोटं कायमची वाकडी होतील." औषध वाढवायचं का, हे त्या रक्ताचा रिपोर्ट बघून आणि आईला विचारून ठरवत. पण रिपोर्ट यायचा भेटीनंतर. आणि आई दर खेपेला म्हणायची, "बरं हाय."

एकदा मी धीर करून म्हणाले, "मॅडम, आधी तुम्हाला भेटायचं, मग रक्त द्यायचं. हे उलटं करून बघूया का?"

त्या हसल्या. "शनिवारी या. करूनच दाखवा."

मी तरंगतच बाहेर आले. एसटीत शेजारच्या अनोळखी बाईलाही सांगून टाकलं, की सांगलीच्या डॉक्टरांनी मला बोलावलंय. आई म्हणाली, "कारखान्यातली चाकं सरळ केलीस, आता म्हाताऱ्या सरळ करतीस व्हय?"

शनिवारी आधी रक्त, मग चहा, मग डॉक्टर असा क्रम लावला. रांगेतल्या बायका रिपोर्ट हातात घेऊन आत जाऊ लागल्या, तशी मी व्हरांड्यात नाचायचीच बाकी होते. तेवढ्यात डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "अहो, रिपोर्टमध्ये सूज आहे, आणि या सगळ्याजणी तक्त्यातल्या हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवतायत." त्यांच्या टेबलावर चेहऱ्यांचा तक्ता होता. दुखत नसेल तर हसरा चेहरा, फार दुखत असेल तर रडका.

दोष सापडला की ‘का’ विचारत मागं जायचं, हे मला पाठ. रांगेतल्या पहिल्या मावशींना विचारलं, "हसराच का, मावशी?"

"अगं, बाई येवढं करत्यात आपल्यासाठी. त्यांच्याफुडं रडकं त्वांड दावायचं? बरं दिसतं का ते?"

रांगेतल्या बाकीच्यांनीही माना डोलावल्या. मी प्रश्न बदलला. "आज सकाळी भाकरी कुणी केल्या?"

"सुनंनं."

"का?"

"लय झ्याक करती ती."

"काय बाई," शेजारीण म्हणाली, "परवा तर म्हणत हुतीस, तिची भाकर म्हंजी खापराचा तुकडा."

सगळी रांग हसली, मावशीही. मग हळूच म्हणाल्या, "पीठ मळवत न्हाई गं सकाळचं."

मग काय, ‘आज कुठलं काम दुसऱ्यावर सोपवलं’ एवढंच विचारायचं, की चढाओढ सुरू. कुणाला लुगडं पिळवत नव्हतं. कुणी म्हणाली, "माजी म्हस आता नातवाला वळखती, मला न्हाई." डॉक्टरीणबाई हसत होत्या आणि भराभर लिहून घेत होत्या.

आईचा नंबर आला. मला बघून ती आधीच सावध झाली. "बरं हाय."

"वेणी कुणी घातली?"

तिनं पदर डोक्यावर ओढला. मग म्हणाली, "तुला कळलं की तू रजा टाकून पळत येतीस. नवी नोकरी तुजी." आणि दोन्ही हात डॉक्टरीणबाईंपुढं ठेवले. "शेजारीण घालती. दिवाळीपासनं."

त्यांनी बोटांचे सांधे दाबून पाहिले, रिपोर्ट पाहिला आणि त्याच दिवशी औषध वाढवलं.

परतीच्या एसटीत आईनं तोंड उघडलं ते कडेगाव येईपर्यंत मिटलं नाही. खांदा, मनगट, न लागणारी दाराची कडी, सगळं सांगितलं. आईचं दुखणं ऐकून इतकी खूश झालेली मुलगी त्या गाडीनं पाहिली नसेल.

पुढच्या काही महिन्यांत सूज उतरली. बोटं सरळ राहिली. आता कारखान्यातल्या सकाळच्या बैठकीतच तिचा फोन येतो. मी स्पीकरवर टाकते.

"आज डब्याचं झाकण माजं मी उघडलं," ती सांगते.

"लोणच्याची बरणी कधी, विचार," साहेब म्हणतात.

"त्यास्नी सांग, बरणी उघडली की निम्मं लोणचं साताऱ्याला धाडते."